सरपंचाचा स्वेटर

रुपराव भोयर यांनी एक लेख शेवटपर्यंत वाचायचं ठरवलं, तिथंच सगळं बिघडलं. एरवी ते पेपरचे नुसते मथळे वाचतात आणि बाकीचं आपल्या मनानं भरून काढतात. (पाटबंधारे खात्यातली अख्खी नोकरी त्यांनी याच पद्धतीवर निभावून नेली, आणि वर निरोपाला शाल-श्रीफळही घेतलं.) पण हा लेख लेकीनं पाठवलेला होता. लेकीनं पाठवलेलं न वाचण्याची हिंमत रुपरावांत नव्हती.

लेक म्हणजे वैभवी. पुण्याला नोकरी करते आणि दर कोजागिरीला नागपूरला येते, कारण आश्विनातल्या त्या पौर्णिमेला आईनं मोठ्या लेकराला ओवाळायचं असतं. वैभवी मोठीही आहे आणि एकुलतीही, त्यामुळे तिच्याशिवाय ओवाळायला घरात दुसरं कोणी नाही. मागच्या कोजागिरीला ती आली तेव्हा तिनं आईबापांच्या आधी सरपंचाच्या गळ्यात हात टाकले, त्याच्या कानामागं खाजवलं, आणि तिच्या बोटाला चांगली टपोरी गोचीड लागली.

सरपंच म्हणजे कुत्रा. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण न सांगितल्यामुळे आजवर बरेच घोटाळे झाले आहेत. रुपरावांच्या बायकोचा, म्हणजे प्रेमिलाबाईंचा भाऊ सावनेरकडच्या आपल्या गावात सरपंचपदाला उभा राहिला आणि सपाटून पडला. त्याच दिवशी त्याच्या गोठ्यात कुत्रीला पिल्लं झाली. घरात एक तरी सरपंच झालाच पाहिजे अशी त्याची जिद्द होती, ती त्यानं अशी पुरी केली आणि पिल्लू बहिणीकडे पाठवून दिलं.

तर ती गोचीड चिमटीत धरून वैभवी म्हणाली होती, "बाबा, तुमच्याच्यानं होत नसन तं सांगा. पुढच्या कोजागिरीले येते तेव्हा सरपंच असाच दिसला, तर मी त्याले पुण्याले घेऊन जाईन."

"ने ना बाप्पा!" रुपराव मोठ्यानं म्हणाले. "मले काय! सुटलो मी उलट."

त्यानंतर ते भाजी आणायला गेले आणि रिकामी पिशवी घेऊन परत आले. सरपंचाशिवाय सकाळ कशी उगवते हे त्यांना आता आठवतसुद्धा नव्हतं. तेव्हापासून वर्षभर ते रोज अंगणात फतकल मारून सरपंचाचे कान उलटेपालटे करून बघत. कोणी विचारलं तर म्हणत, "काही नाही, टाइमपास."

आता कोजागिरीचा दिवस उजाडला होता, आणि सकाळीच वैभवीचा लेख आला होता. तिनं तो कामाच्या गडबडीत, नुसतं नाव बघून पुढं ढकलला असावा. लेख इंग्रजीत होता. रुपरावांनी मोबाइलमधलं भाषांतराचं बटण दाबलं, तर वर ठळक अक्षरांत आलं: 'पडण्याच्या ऋतूत आपल्या पाळीव मित्राला सुरक्षित कसे ठेवाल?'

पडण्याचा ऋतू! रुपरावांच्या काळजात चर्र झालं. म्हणजे या दिवसांत कुत्री पडतात, आणि आपल्याला इतकी वर्षं पत्ताच नाही. आत्ता परवाच सरपंच मोरीच्या फरशीवर घसरला होता, तेव्हा आपण हसलो होतो. त्यांनी तडक घरातल्या गाद्या, उशा, लोड काढले आणि अंगणापासून गच्चीपर्यंत जिन्यावर अंथरले.

प्रेमिलाबाई पोळ्या टाकून बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "अवो, हे काय करून राहिले? जिन्यावर कोण झोपनार हाय?"

"हा पडायचा सीझन आहे, प्रेमिला."

"कोन पडून राहिलं?"

"कुत्रे."

प्रेमिलाबाईंनी सरपंचाकडे पाहिलं. सरपंच चारी पाय वर करून पहिल्या पायरीच्या गादीवर लवंडला होता. "तो तं बाराही महिने पडूनच राहते," त्या म्हणाल्या आणि पोळ्यांकडे परत गेल्या.

लेखातली पुढची सूचना अशी होती की हवेत आता गारवा वाढू लागला आहे, तरी आखूड केसांच्या मित्राला उबदार कपडे घालावेत. त्या दिवशी नागपुरात ऑक्टोबरचं ऊन असं तापलं होतं की कुणाच्याच खिडकीतला कूलर अजून उतरला नव्हता. पण रुपराव हे छापील शब्दाला मान देणारे गृहस्थ. लेखात गारवा आहे म्हटल्यावर गारवा असणारच, वयोमानानं आपल्याला जाणवत नसेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. मग पेटीतून वैभवीचा शाळेतला मरून स्वेटर काढला आणि सरपंचाचे पुढचे दोन पाय त्याच्या बाह्यांत कोंबले. सरपंचानं डांबराच्या गोळ्यांचा वास घेतला, दोनदा शिंकला, आणि मालकाकडे असं पाहिलं की दुसऱ्या कोणी ते पाहणं समजून घेतलं असतं.

तिसरी गोष्ट होती भोपळ्याची. लाल भोपळा या दिवसांत कुत्र्यांच्या पोटाला चांगला, असं लेख म्हणत होता. नागपुरात लाल भोपळ्याला कोहळं म्हणतात. वैभवीनं आईला फोनवर त्याच्या बिस्किटांची कृती आधीच सांगितली होती, आणि प्रेमिलाबाईंनी भलं मोठं कोहळं आणून त्यातल्या अर्ध्याची सरपंचासाठी बिस्किटं भाजली होती. उरलेल्या अर्ध्याचं काय केलं, ते मात्र त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. कारण आज भुलाबाईचा शेवटचा दिवस होता.

भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर गल्लीतल्या पोरी संध्याकाळी भुलाबाईची, म्हणजे पार्वतीची, गाणी म्हणत घरोघर जातात. गाणी संपली की खाऊ वाटायचा, पण आधी तो ओळखावा लागतो. घरातली बाई बंद डबा पोरींच्या कानाशी खुळखुळवते, पोरी विचारतात गोड की तिखट, आणि मग एकच गलका होतो. खाऊ ओळखला गेला तर त्या बाईचं नाक कापलं गेलं असं समजतात. प्रेमिलाबाईंचा कोजागिरीचा खाऊ आजवर कोणालाही ओळखता आला नव्हता. शेजारच्या गोपिकाबाई, वयानं आजी झाल्या तरी, तो ओळखण्यासाठी दरवर्षी पोरींच्या पुढं बसत. (गेल्या वर्षी त्यांनी प्रेमिलाबाईंच्या कचऱ्याच्या बादलीतली सालं तपासली होती, असं गल्लीत बोललं जातं.) म्हणून यंदा प्रेमिलाबाईंनी स्वयंपाकघराचं दार लावून खाऊ केला. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. रुपरावांच्या पोटात काही राहत नाही, हे त्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

दुपारी प्रेमिलाबाई जरा आडव्या झाल्या. रुपराव लेखाच्या शेवटच्या ओळीवर पोचले होते. 'कोणताही खाऊ देण्यापूर्वी त्याची स्वतः खात्री करून घ्या.' डब्यावरचा मजकूर वाचा, एवढाच त्याचा अर्थ असणार. पण रुपराव शब्दशः चालणारे. ते स्वयंपाकघरात गेले. तांदळाच्या कोठीमागं स्टीलचा एक डबा दिसला. झाकण काढलं तर आतून कोहळ्याचा वास आला.

"सरपंचाचे बिस्किट," रुपराव म्हणाले आणि एक तोंडात टाकलं.

खुसखुशीत होतं. गूळ होता, तीळ होते, जायफळाचा वास होता. कुत्र्यांचं जगणं आपल्याला वाटतं तितकं वाईट नाही, असं त्यांना वाटून गेलं. एका बिस्किटावरून खात्री होत नाही म्हणून त्यांनी दुसरं घेतलं. दुसरं पहिल्यासारखंच आहे का हे बघायला तिसरं घेतलं. सरपंच स्वेटर घालून दारात बसला होता आणि जीभ बाहेर काढून धापा टाकत हे पाहत होता. रुपरावांना वाटलं, तोही वाट बघतोय. "थांब रे, चेक करून राहिलो," ते म्हणाले. आणि मग त्यांचं बोट डब्याच्या बुडाला लागलं.

आता आली पंचाईत. लेक पुण्याहून येणार आणि तिला कळणार, की बाबा कुत्र्याचं खातात! सरपंच तर हातचा जाणारच, शिवाय ही गोष्ट पुण्यापर्यंत जाणार. रुपरावांनी इकडंतिकडं पाहिलं. सरपंच एव्हाना फरशीवर आडवा झाला होता. रुपरावांनी रिकामा डबा अलगद त्याच्या नाकासमोर ठेवला. बिस्किटं सरपंचाची, डबा सरपंचाचा, मग तोंडही सरपंचाचंच समजलं गेलं तर कोणाचं काय जातं? त्यांनी मिशा पुसल्या आणि दिवाणावर पेपर तोंडासमोर धरून पडले.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून किंकाळी आली. "अवो माय वं! माह्या भुलाबाईचा खाऊ!"

पेपरमागं रुपरावांची पाचावर धारण बसली. भुलाबाईचा? मग सरपंचाची बिस्किटं कुठं होती? (ती फ्रिजवर होती, बरणीत. बरणीवर 'सरपंच' असं लिहिलेलंही होतं.) उठावं, सांगून टाकावं, असं त्यांच्या मनात आलंसुद्धा. पण किंकाळी विरायच्या आत गोपिकाबाई दारात हजर होत्या.

"काय झालं वं प्रेमिला? खाऊ गेला का? काय होता?"

"मेल्या कुत्र्यानं खाल्ला सगळा! ऊठ रे मेल्या!" प्रेमिलाबाईंनी लाटणं उगारलं. सरपंच उठला नाही. त्यानं एक डोळा अर्धा उघडला आणि परत मिटला. पोट धाप धाप हलत होतं.

प्रेमिलाबाईंच्या हातातलं लाटणं गळून पडलं. "सरपंच? अरे बाप्पा, ऊठ ना. नाई मारत मी तुले."

आता मात्र रुपराव धावत आले. ह्यानं काहीच खाल्लेलं नाही, हे जगात त्यांना एकट्याला माहीत होतं. मग हा उठत का नाही? वैभवीला फोन लावला तर ती विमानतळावरून टॅक्सीत होती. "मनुका होत्या का त्यात? मनुका म्हणजे कुत्र्यांले विष असते आई!" ती ओरडली. "तुमी धरमपेठेतल्या दवाखान्यात न्या, मी तिथंच येऊन राहिली."

रुपरावांनी डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर अदिती साताऱ्याकडच्या, नागपुरात नव्यानंच आलेल्या.

"डॉक्टर, सरपंच उठून नाही राहिले!"

"कुठले सरपंच?"

"सावनेरकडचे."

"अहो काका, हा जनावरांचा दवाखाना आहे."

"जनावरच आहे ते!"

"राजकारण असलं तरी असं बोलू नये, काका," डॉक्टर म्हणाल्या. शेवटी प्रेमिलाबाईंनी फोन हिसकावून 'कुत्रा' असा शब्द उच्चारला, तेव्हा गाडी रुळावर आली.

रुपरावांनी सरपंचाला उचललं, स्वेटरसकट. एरवी गॅसचं सिलिंडर दिसलं की त्यांची कंबर धरते, पण आज तिचं नावसुद्धा निघालं नाही. ऑटोत मागं ते, प्रेमिलाबाई, मांडीवर सरपंच, आणि एका बाजूनं अर्ध्या बाहेर लोंबकळत गोपिकाबाई. "मी मदतीले येते," त्या म्हणाल्या होत्या. मदत कसली ते प्रेमिलाबाईंना चांगलंच ठाऊक होतं.

डॉक्टरांनी सरपंचाला टेबलावर घेतलं. "काय खाल्लं यानं?"

प्रेमिलाबाईंनी गोपिकाबाईंकडे पाहिलं. "सांगता नाई येत."

"म्हणजे माहीत नाही?"

"माहीत हाय. मीच तं केलं. पन सांगता नाई येत."

"का?"

"आज कोजागिरी हाय ना."

डॉक्टरांना काही बोध झाला नाही. "बरं, निदान माझ्या कानात सांगा."

"हिचे कान बहुत तिखट हायत."

"मग या काकू जरा बाहेर थांबतील का?"

"मी सरपंचाचा पाय धरून हाय," गोपिकाबाई म्हणाल्या. "सोडला तं घाबरन तो."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "ठीक आहे. मी विचारते, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा. गोड की तिखट?"

"गोड!" प्रेमिलाबाईंचा चेहरा सवयीनं खुलला. बरोबर सुरुवात केली होती पोरीनं.

"मनुका?"

"नाई."

"चॉकलेट?"

"नाई."

"कांदा, लसूण?"

"गोडात कांदा टाकतात का वं बाई तुमच्या साताऱ्याले?"

"अनारसे!" गोपिकाबाई मधेच ओरडल्या.

"तू चूप राह्य!"

डॉक्टरांनी मग प्रश्न थांबवले. सरपंचाचं अंग हाताला पोळत होतं. "काय खाल्लंय ते कळत नाही, म्हणजे उलटीचं इंजेक्शन द्यावं लागेल," त्या म्हणाल्या. "त्रास होईल त्याला. पण दुसरा इलाज नाही." त्यांनी सुई काढली.

प्रेमिलाबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "खड्ड्यात गेला तो खाऊ," त्या म्हणाल्या. "सांगते मी, बाई. ऐकू दे हिले ऐकायचं तं." त्यांनी तोंड उघडलं. पण सरपंचानं ती सुई बघून डोकं कसंबसं वळवलं आणि रुपरावांच्या शर्टात खुपसलं, आणि मग रुपरावांना राहवलंच नाही.

"थांबा!" ते ओरडले. "त्यानं नाही खाल्ला! मी खाल्ला!"

बाहेर पिंजऱ्यात एक पोपट ओरडत होता, तोसुद्धा थांबला.

"तुमी?" प्रेमिलाबाई म्हणाल्या. "सगळा?"

"मले वाटलं सरपंचाचे बिस्किट आहेत."

"अन् सरपंचाचे समजून खाल्ले तुमी?"

रुपरावांनी तडक डॉक्टरांकडे मोर्चा वळवला. "विषारी काही नव्हतं, डॉक्टर. कोहळ्याचे शंकरपाळे होते. गूळ, तीळ, जायफळ. तूप जरा कमी पडलं होतं."

"कोहळ्याचे शंकरपाळे!" गोपिकाबाई सरपंचाचा पाय सोडून टाळ्या पिटू लागल्या.

"कोहळा?" डॉक्टर गोंधळल्या. "नजर लागू नये म्हणून दाराला टांगतात, तो खाल्लात?"

"लाल, लाल! भोपळा!"

प्रेमिलाबाई मटकन स्टुलावर बसल्या. "जन्मभर या माणसाच्या पोटात काही राहिलं नाही," त्या म्हणाल्या, "अन् राहिलं तं हे! तेही तूप कमी म्हनून!"

"पण मग याला झालंय काय?" डॉक्टरांनी सरपंचाला वळवलं, आणि पहिल्यांदाच नीट निरखून पाहिलं. "आणि याला स्वेटर का घातलाय?"

सकाळपासून बघून बघून सगळ्यांना त्या स्वेटरची सवय होऊन गेली होती. रुपरावांनी खालच्या आवाजात लेखाचं सांगितलं. डॉक्टरांनी आधी स्वेटर काढला, सरपंचाच्या अंगावर आणि पंज्यांवर गार पाण्यानं भिजवलेलं फडकं फिरवलं, पंखा लावला, आणि पाणी पुढं केलं. सरपंच आधी नुसता चाटत होता. मग पिऊ लागला. मग उठून बसला, अंग झाडून सगळ्यांना भिजवलं, आणि रुपरावांची बोटं चाटायला लागला. बोटांना अजून गुळाचा वास होता, म्हणून. पण रुपरावांनी त्याचा निराळा अर्थ काढला आणि भर दवाखान्यात त्यांना रडू आलं.

वैभवी बॅग ओढत आत आली ती याच वेळी. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "बाबा, त्या लेखातला फॉल म्हणजे शरद ऋतू. तिकडे झाडाची पानं पडतात म्हणून."

"असं व्हय," रुपराव म्हणाले. "मग गाद्या उचलतो."

"तो लेख थंड देशाचा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आपल्याकडे या दिवसांत जपायचं ते उन्हाला आणि गोचिडांना. पाणी भरपूर ठेवा, फिरवायचं ते ऊन उतरल्यावर, आणि दिवाळीत फटाक्यांच्या वेळी घरात घ्या." मग त्यांनी सरपंचाचे कान उलटून पाहिले. "पण कान बघा किती स्वच्छ आहेत. या मोसमात असे कान मी अजून पाहिले नाहीत. कोणीतरी रोज बसतं वाटतं याच्यापाशी?"

रुपराव भिंतीवरचं कॅलेंडर बघू लागले. "टाइमपास," ते पुटपुटले.

संध्याकाळी अंगणात भुलाबाई मांडली. पोरींची गाणी झाली आणि प्रेमिलाबाई डबा घेऊन आल्या. गोपिकाबाई पुढंच बसल्या होत्या. डबा अजून खुळखुळलासुद्धा नव्हता, तर त्या ओरडल्या, "कोहळ्याचे शंकरपाळे!"

"नाई," प्रेमिलाबाई शांतपणे म्हणाल्या.

"नाई कसे? रुपरावभाऊंनी सगळ्यांसमोर सांगितलं ना!"

"ते दुपारचे." प्रेमिलाबाईंनी डबा कानाशी खुळखुळवला, पण आवाज आला नाही. पोरींनी सगळं म्हणून पाहिलं, पायल नावाची चुणचुणीत पोरगी तर पुरणपोळीपर्यंत गेली, आणि शेवटी सगळ्यांनी हात टेकले. झाकण उघडलं तर आत संत्रा बर्फी होती. दवाखान्यातून येता येता रुपरावांना ऑटोतून उतरवून धरमपेठेतूनच आणायला लावली होती. आणताना डब्याला हात लावायचा नाही म्हणून वैभवी सोबत गेली होती.

गोपिकाबाईंनी दोन बर्फ्या खाल्ल्या, पण त्यांच्या तोंडाला काही चव आली नाही. प्रेमिलाबाई मात्र इतक्या खूश झाल्या की त्यांनी लेकीला ओवाळलं आणि उरलेल्या निरांजनात सरपंचालाही ओवाळून घेतलं. गच्चीवर दूध आटत होतं, चंद्र वर आला होता, आणि जिन्यावरच्या गाद्यांवर गल्लीतल्या पोरी लोळत होत्या. सरपंच पाण्याच्या घमेल्याशेजारी पसरला होता. सगळं इतकं छान चाललं होतं की रुपरावांना विचारायचा धीरच होईना. शेवटी दुधाचा पेला हातात फिरवत ते म्हणाले, "मग, पुण्याचं तिकीट... सरपंचाचं पण काढलं का तू?"

"नाही," वैभवी म्हणाली. "सरपंच इथंच राहीन."

रुपरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मले माहीतच होतं. माझ्यासारखी काळजी त्याची कोणी..."

"त्याची नाही हो बाबा, तुमची," वैभवी म्हणाली. "आई दुपारी झोपते. घरात जागं असं कोणी समजदार पाहिजे ना." आणि तिनं सरपंचाला जवळ बोलावून, त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून बजावलं, "सकाळ-संध्याकाळ बाबांले फिरवून आनायचं. आणि डब्याजवळ दिसले का भुंकायचं. समजलं?"

सगळे पोट धरून हसले. रुपरावही हसले, कारण सरपंचानं जन्मात कधी कोणाचं ऐकलेलं नव्हतं. 'बस' म्हटलं की तो उठायचा आणि 'ये' म्हटलं की जायचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रेमिलाबाई आडव्या झाल्यावर रुपराव पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले. पाणी प्यायले. बर्फी उरली आहे का, एवढंच बघावं म्हणून त्यांनी डब्याकडे हात नेला.

दारातून सरपंच असा भुंकला की गोपिकाबाईसुद्धा धावत आल्या.